हार्लनच्या मयतातल्या सह्या

लोर्नानं दार वाजवलं तेव्हा आत टीव्ही चालू होता. दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा तो बंद झाला. तिसऱ्यांदा वाजवल्यावर पडद्याची कड जराशी हलली, आणि घरात कुणीच नाही हे पटवून देण्यासाठी घरातली सगळी माणसं श्वास रोखून उभी राहिली. बाहेर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही असं काहीतरी आभाळातून पडत होतं. लोर्नानं छातीशी धरलेलं सह्यांचं पॅड कोटाच्या आत सारलं आणि ती पुढच्या घराकडे वळली.

ऑर्डवे गावात तिनं तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. आज पडद्याआड दडणाऱ्या निम्म्या लोकांची शेंबडी नाकं तिनं स्वतः पुसली होती. त्या नाकांना याची आठवण राहिलेली दिसत नव्हती.

पुढच्या घरी बर्निस टोल्बर्टनं दार उघडलं खरं, पण साखळी न काढता.

"कशावर सही पाहिजे म्हणालीस?"

"एल्डनच्या उमेदवारीवर. जजच्या निवडणुकीसाठी."

"मीचमसाहेबांच्या विरोधात?" बर्निसचा आवाज एकदम खाली आला.

"विरोधात असं नाही गं. मतपत्रिकेवर नुसतं दुसरं एक नाव."

"हे बघ, आमच्या ड्वेननं ट्रॅक्टरच्या कागदावर न वाचता सही केली होती ना, तेव्हा साहेबांनी त्याला भर कोर्टात झापला. 'सही करण्याआधी वाचलं होतंस का?' पोरगं रडलं गं तिथं उभ्या उभ्या. बत्तीस वर्षांचं पोरगं! तेव्हापासून आमच्याकडे कुणी कशावर सही करत नाही. पार्सल आलं तरी परत पाठवतो."

"मग वाच की. वाचून कर."

"चष्मा नाही जवळ," बर्निस म्हणाली आणि नाकावरून घसरलेला चष्मा बोटानं वर ढकलून तिनं दार लावलं.

ऑर्डवेत जजही मतं देऊन निवडत, आणि जज थर्लो मीचम गेली चोवीस वर्षं बिनविरोध निवडून येत होते. ते फार चांगले होते म्हणून नव्हे आणि फार वाईट होते म्हणूनही नव्हे. कोर्टात ज्याचं काम नाही असं घर गावात नव्हतं, आणि उद्या ज्याच्यापुढे उभं राहायचंय त्याच्याशी आज वाकडं कोण घेणार? 'सही करण्याआधी वाचलं होतंत का?' हे त्यांचं वाक्य ऑर्डवेत आया पोरांना झोपवताना वापरत.

लोर्नाला जजचं काही घेणंदेणं नव्हतं. तिला चिंता होती ती एका खुर्चीची. तिचा धाकटा भाऊ एल्डन, चांगला चालता वकील, बायको ग्रेटा गेल्यापासून दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीत बसला होता तो बसलाच होता. समोर टीव्ही, तोही बंद. ग्रेटाच्या अंत्यदर्शनाला आलेल्यांच्या सह्यांची वही तेवढी मांडीवर असे. दाढी वाढली, अशिलं पांगली, लोर्नानं आणलेलं सूप वाडग्यात साय धरून बसू लागलं. आणि एक दिवस कुणीतरी फोनवर सहज म्हणालं, "एल्डन, तू उभा राहा की जजसाठी." त्या दिवशी एल्डननं दाढी केली. एवढंच. पण लोर्नानं न्हाणीघरातले ते केस पाहिले आणि संध्याकाळपर्यंत उमेदवारीचे कागद घरी आणले.

नियम सोपे होते. मतपत्रिकेवर नाव यायला ठराविक सह्या लागत. सही करणारा गावातला नोंदलेला मतदार हवा, सही गोळा करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी, आणि सोमवारी पाचाच्या आत सगळे कागद काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत पोचायला हवेत. बुधवारपर्यंत लोर्नाच्या कागदावर जमलेल्या सह्यांत एक तिची स्वतःची होती. बाकीच्याही मोजायला हाताची बोटं पुरत होती. एल्डन अलीकडे पुन्हा दाढी करायची विसरायला लागला होता.

अशा वेळी हार्लन व्हॉस गेला.

हार्लनचं गुराढोरांच्या खाद्याचं दुकान होतं. चाळीस वर्षं तो पहाटे दुकान उघडत आला, आणि गुरुवारी पहाटे कुलपात किल्ली घालता घालताच कोसळला. रविवारी दुपारी गावातल्या मयतांची व्यवस्था बघणाऱ्या स्टिकनींच्या फ्युनरल होममध्ये अंत्यदर्शन ठेवलं होतं. पुरायची घाई नव्हती, जमीन दगडासारखी गोठलेली, खड्डा एप्रिलशिवाय खणता येणार नव्हता. घाई होती ती लोर्नाला. अख्खं गाव एका दारातून आत जाणार होतं, आणि त्या दाराला साखळी नव्हती.

आत कुणाला विचारायचं नाही एवढं तिनं ठरवलं होतं, अगदी मनापासून. लोक परत निघाले की बाहेर गाडीपाशी गाठायचं. पॅड तिनं कोटाखाली धरलं होतं. पण ती आत शिरते न शिरते तोच म्हातारी मिसेस प्लँक आपल्या चालायच्या काठ्यांसकट पायपुसण्यावरून घसरली. लोर्नानं हातातलं पॅड दिसेल तिथे टेकवलं आणि धावली. म्हातारीला उभं केलं, खुर्चीत बसवलं, तिचा एक बूट शोधून आणला, तिच्या गुडघ्याची हकीकत ऐकली. ती संपायला वेळ लागला, कारण गुडघे दोन होते.

वळून पाहते तर दाराजवळच्या उंच मेजापाशी रांग लागलेली. पितळी दिवा, दोरीला बांधलेलं पेन, आणि त्याखाली लोर्नाचं पॅड. भेटीला आलेल्यांनी सह्या करायची स्टिकनींची वही होती तिथंच, पण कुणीतरी तिच्यावर पुष्पचक्र ठेवलं होतं आणि त्यावर कुणीतरी ओला कोट टाकला होता. नाव, पत्ता, सही. रकाने तेच. ऑर्डवेची माणसं नाक पुसत, पाय आपटून बर्फ झाडत येत होती आणि माना खाली घालून सह्या करत होती. बर्निस टोल्बर्टनं सही केली. तिच्या ड्वेननं केली. कुणी समासात 'चिरशांती लाभो' लिहिलं, कुणी 'तुझ्यासारखा पुन्हा होणे नाही', कुणी 'आमच्या गाईसुद्धा तुला विसरणार नाहीत'.

लोर्नाच्या घशात शब्द आले होते. 'अहो, थांबा' इतकं सोपं होतं ते. पण डोळ्यांपुढे ती खुर्ची आली, साय धरलेलं सूप आलं, आणि तिनं मूग गिळले. वरचं पान भरलं तेव्हा पुढे होऊन तिनं ते अदबीनं उलटलं. सगळ्या सह्या तिच्या डोळ्यांदेखत होत होत्या, नियमात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मनाला मात्र नियम माहीत नसतात, ते खात होतं.

आणि मग दारात जज मीचम उभे राहिले. उंच, वाळकट, काळा ओव्हरकोट चुकीच्या बटणात लावलेला. ते मेजापाशी आले, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पॅडवर वाकले. वाकलेलेच राहिले. मागे रांग दारापर्यंत, दारातून पायऱ्यांपर्यंत तुंबली.

"किती मनाला लावून घेतलंय बघा साहेबांनी," मागून कुणीतरी पुटपुटलं.

शेवटी साहेबांनी पेन उचललं, नीट सही केली, आणि लोर्नाकडे एकदा पाहून ते शवपेटीकडे गेले. पाहणाऱ्याला ते पाहणं शोकाचं वाटलं असतं. लोर्नाला त्याचा काही अर्थ लागला नाही.

घरी येऊन तिनं कागद एल्डनच्या मांडीवर टाकले, ग्रेटाच्या वहीवर. "घे. लागतात त्याहून जास्तच आहेत."

एल्डननं पहिलं पान वाचलं. "'आमच्या गाईसुद्धा तुला विसरणार नाहीत'? लोर्ना, मी कुणाच्या गाईंना काय केलंय?"

मग तिला सांगावं लागलं. सांगताना ते जितकं बाहेर आलं तितकं वाईट वाटायला लागलं. एल्डननं पानं उलटली. शेवटच्या पानावर जजची सही पाहून त्यानं डोळे मिटले. इतक्यात फोन वाजला. आयडेला व्हॉस होती, हार्लनची बायको.

"लोर्ना, तू दाराशी होतीस ना गं दुपारी?" तिचा आवाज दिवसभर रडून घासल्यासारखा झाला होता. "मला काही दिसत नव्हतं, नुसते हात हातात येत होते. खूप माणसं आली होती असं वाटलं मला. पण स्टिकनींनी आत्ता वही आणून दिली. तीन नावं आहेत गं. तीन. त्यातलं एक स्टिकनींचंच. चाळीस वर्षं तो माणूस यांच्या गुरांसाठी पहाटे उठला..."

फोन भिंतीवरचा, जुना, मोठ्या आवाजाचा. एल्डनला खुर्चीत सगळं ऐकू गेलं. त्यानं मांडीवरची ग्रेटाची वही बाजूला ठेवली, कागद उचलले आणि तो उभा राहिला. "गाडी काढ," तो म्हणाला.

आयडेलाच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओटा, टेबल, खिडकीची कड, सगळीकडे भांडी. गावात कुणी गेलं की त्या घरी ओव्हनमधलं काही ना काही पोचतं, आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं. दुःख वाटून घ्यायचं, भांडं मात्र परत यायला हवं.

एल्डननं कागद तिच्यापुढे ठेवले. "आयडेला, ही तुझी माणसं. सगळी आली होती."

ती एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागली. गाईंवर आली तेव्हा हसली आणि हसता हसता रडली. "प्लँकबाईसुद्धा? त्या गुडघ्यांनी?" सगळं वाचून झाल्यावर तिनं पानं जुळवली, आणि तेव्हा तिची नजर वरच्या छापील मजकुरावर गेली. लोर्ना भांड्यांकडे पाहू लागली.

"हे काय आहे?" आयडेलानं विचारलं. "लोर्ना, माझ्या नवऱ्याच्या मयतात तू मतं मागत होतीस?"

"मागितली नाहीत," लोर्ना म्हणाली. "नुसती थांबवली नाहीत."

"ते बरं की वाईट?"

"वाईट," लोर्ना म्हणाली. तिला रडू आलं. "चुकलं माझं, आयडेला. हा परत त्या खुर्चीत जाऊन बसेल म्हणून भ्याले मी."

"मी उभा राहत नाहीये," एल्डन म्हणाला. "हे कागद तुझे. ग्रेटाच्या वेळची वही मी अजून रोज वाचतो. जी नावं तुझी आहेत ती मी काउंटीच्या कचेरीत नेऊन टाकणार नाही."

आयडेलानं ती पानं छातीशी धरली. तिनं त्या दोघा भावंडांना न्याहाळलं. मग ओट्याकडे मान केली.

"शिक्षा तर झालीच पाहिजे. ही सगळी भांडी मी रिकामी करून ठेवते, उद्या घरोघर पोचवायची, दोघांनी. मला त्या दारांत उभं राहून 'सावर गं बाई' ऐकायची ताकद नाही. आणि ते मीचमचं आहे ना, कोपऱ्यातलं, ते जपून. आतली मॅकरोनी कच्चीच आहे. कडकडीत कोरडी, वरून चीज भाजलेलं. एकटा राहतो, काय करतो कुणास ठाऊक." ती दारापर्यंत आली. "आणि एल्डन, घरोघर जाताच आहात, तर कोरे कागदही घेऊन जा. पण आधी खरं काय ते सांगायचं. मला सांगितलंत तसं."

सोमवारी सकाळी बर्निस टोल्बर्टच्या पडद्याची कड हलली. मग तिला काचेतून आपलं निळं भांडं दिसलं, आणि साखळी खळ्ळकन निघाली. तीस वर्षं बस चालवून जे जमलं नव्हतं ते एका भांड्यानं केलं. स्वतःच्या भांड्याला दार न उघडणारी बाई ऑर्डवेत अजून जन्मली नव्हती.

"मिसेस टोल्बर्ट," एल्डन म्हणाला. वर्षभरानं त्याचा आवाज कोर्टातल्यासारखा लागला. "काल तुम्ही जिथे सही केलीत ती वही हार्लनची नव्हती. माझ्या उमेदवारीचा कागद होता. चूक आमची. ती सही मी वापरणार नाही, एवढं सांगायला आलो."

बर्निसनं भांडं कमरेवर घेतलं. "म्हणजे 'चिरशांती लाभो' मी तुला लिहून आले?"

"तसं झालं खरं."

"आणि हे तू आपणहून सांगतोयस? वकील असून?" तिनं मागे वळून हाक मारली, "ड्वेन! ये रे इकडे, गंमत बघ!" मग हात पुढे केला. "आण तो कागद. खरं बोलणारा वकील जिवंतपणी बघितला, सही तर झालीच पाहिजे."

सगळेच असे भेटले नाहीत. एकानं मयताचा बाजार मांडलात म्हणून तोंडावर सुनावलं, आणि दोघांनी माना खाली घालून ऐकलं. एकीनं सही केली, पण भांड्याच्या झाकणाचा दांडा कुणी मोडला याची चौकशी आधी केली. एकाचा कुत्रा लोर्नाच्या बुटाला लटकला, आणि त्यानं कुत्रा सोडवावा म्हणून एल्डननं विनवलं तर त्यानं आधी सही करून टाकली, मग कुत्रा आवरला. दुपार उतरली. लोर्ना गाडीत दर थोड्या वेळानं सह्या मोजत होती. एल्डनचं नाक थंडीनं लाल झालं होतं आणि तो, तिनं चोरून पाहिलं, शीळ घालत होता.

शेवटी एक भांडं उरलं आणि एक सही कमी पडली.

"नको," लोर्ना म्हणाली. "बाकी कुठंही. परत प्लँकबाईकडे जाऊ."

"त्यांनी केलीय. दोन्ही गुडघ्यांची शपथ घेऊन केलीय," एल्डन म्हणाला. "भांडं तर द्यायलाच हवं."

जज मीचम स्वतःच दारात आले. घरात दिवा नव्हता. कोट कालचाच, बटणं कालचीच. एल्डननं आपलं भाषण सुरू केलं, पण त्यांनी हात वर केला, कोर्टात करत तसा.

"चूक? कसली चूक? मी चोवीस वर्षं लोकांना काय सांगत आलोय? मी न वाचता सही करेन?"

"म्हणजे... तुम्ही वाचलं होतंत?"

"शेवटपर्यंत. अक्षर बारीक होतं." साहेबांनी अंधारातच दाराची चौकट धरली. "मागच्या महिन्यात मी एका माणसाला एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा सुनावली, एल्डन. सकाळी एकदा, दुपारी एकदा. कोर्ट भरलेलं होतं. वकील होते, कारकून होता, त्या माणसाची आई होती. एकजण उठून बोलला नाही. तो माणूससुद्धा 'थँक यू, साहेब' म्हणाला." त्यांनी चष्मा काढून कोटाला पुसला. "इतके घाबरतात मला. कुणी पाडल्याशिवाय मला त्या खुर्चीतून उठवणार कोण? मला स्वतःला तर काही दिवस आठवतसुद्धा नाही की उठायचंय. आण तो कागद, आज लक्षात आहे तोवर."

त्यांनी तो कागद पुन्हा वाचला. वरपासून खालपर्यंत, ओठ हलवत, उघड्या दारात, बर्फाचा सडा आत येत असताना. लोर्नाच्या हातातलं घड्याळ पळत होतं, पण तिला घाई करवेना. मग त्यांनी सही केली. ऑर्डवेतल्या प्रत्येक शिक्षेखाली असलेली तीच सही, ताठ आणि सुबक.

एल्डननं भांडं पुढे केलं. साहेबांनी ते घेतलं, उलटं केलं, बुडावरचं स्वतःचं नाव वाचलं.

"हे कुठून आलं?"

"हार्लनकडून, साहेब."

"हो का?" त्यांचा चेहरा उजळला. "बरा आहे ना हार्लन? त्याला म्हणावं, मक्याची दोन पोती ठेव माझ्यासाठी."

लोर्नानं एल्डनकडे पाहिलं. एल्डननं पायातले ओले बूट काढले. "थंडी फार आहे साहेब, आत चला," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न वळता, "लोर्ना, तू हो पुढे. पाचाच्या आत पोच. मी थांबतो इथे."

गाडी वळवताना तिला खिडकीत दिवा लागलेला दिसला. साहेब टेबलापाशी खुर्चीत बसले होते, बोट उगारून काहीतरी समजावत होते, आणि एल्डन शेगडीवर पाणी ठेवून डब्यातली मॅकरोनी शोधत उभा होता. एल्डन उभा होता. लोर्नाला डोळे पुसावे लागले, नाहीतर रस्ताच दिसत नव्हता.

काउंटीच्या कचेरीत बाई टेबल आवरत होती. तिनं पानं उलटली, मोजली, एका सहीपाशी थबकली, चष्मा लावून परत पाहिली. मग लोर्नाला उजवा हात वर करायला लावला.

"या सगळ्या सह्या तुमच्या डोळ्यांदेखत झाल्या?"

"झाल्या."

"आणि सह्या करणाऱ्यांनी कागद वाचला होता?"

लोर्नाला बर्निसचं निळं भांडं आठवलं, झाकणाचा दांडा आठवला, बुटाला लटकलेला कुत्रा आठवला. शपथेवर खोटं बोलायला आता तिच्यात जोर उरला नव्हता.

"एकानं वाचला," ती म्हणाली. "दोनदा."